चिरल्या कानाची सात मेंढरं

"मशीनच करतंय की सगळं. तुमाला काय, नुसतं बटण दाबायचं."

हे वाक्य विजयमालानं गेल्या नऊ वर्षांत इतक्या तोंडांतनं ऐकलंय, की गिऱ्हाईक गाळ्याची पायरी चढतानाच तिला कळतं, आता हे बटणाचं काढणार. शाळेचा शिपाई बॅजचं काम घेऊन येतो, तो म्हणतो. परमुलखात सोनं-चांदी गाळायचा धंदा करणाऱ्या गलाईवाल्यांच्या बायका सणाला गावाकडं येतात, मोबाईलवर चेन्नईच्या ब्लाउजचा फोटो दाखवतात, आणि 'उद्याच्याला द्या, मशीनलाच तर लावायचंय' असं म्हणून जातात. कुस्तीच्या तालमीचा वस्ताद, बेंदराला बैलाच्या झुलीवर नाव घालून घेणारा बागायतदार, सगळे एकाच शाळेत शिकल्यासारखे तेच बोलतात. विजयमाला एकदा भडकली आणि वस्तादाला म्हणाली, "बसा हितं, वस्ताद. ह्ये बघा बटण. दाबा. बजरंगबली काढून दावा." वस्तादानं दाबलं. सुई जागच्या जागी खाली गेली, तुटली आणि तिचा तुकडा वस्तादाच्या मिशीला चाटून गेला. त्या दिवसापासनं वस्ताद बाहेर उभा राहूनच बोलतो.

विट्यात तिचा गाळा आहे. एका मिठाईच्या दुकानाच्या मागं, दहा बाय बाराचा. आत भरतकामाचं एकच मशीन. एका डोक्याचं, म्हणजे एका वेळी एकच कापड भरणारं, पंधरा सुयांचं. शेजारी टेबलावर कॉम्प्युटर. तिच्या कामाला डिजिटायझिंग म्हणतात, ते म्हणजे काय ते इथंच सांगून टाकतो, न्हाईतर तुम्ही पण बटणवाल्यांच्यात जमा व्हाल.

मशीनला चित्र कळत नाही. मशीनला फक्त एवढंच कळतं, की सुई कुठं टोचायची आणि तिथनं उचलून पुढं कुठं टोचायची. एका वीतभर मोराला अशी बारा-पंधरा हजार टोचणी लागतात. ती कुठं, कुठल्या दिशेनं, कुठली आधी, कुठली वरनं, खाली कच्चा टाका किती, हे सगळं बाईनं स्क्रीनवर बसून ठरवायचं. त्यात कापड काय गप बसत नाही. टाका बसला की कापड आवळतं. तुम्ही गोल काढला तर अंडं उठतं. म्हणून विजयमाला गोल काढताना तो आडवा फुगवून काढते, आणि कापडावर तो बरोब्बर गोल उतरतो. सुती कापड किती आवळतं, टेरिकॉट किती, खण किती, हे कुठल्या पुस्तकात नाही. ते तिच्या बोटात आहे. सॉफ्टवेअरमध्ये आपोआप करायचं बटण पण आहे बरं का. ते दाबलं की मोराचा पत्रा होतो. छातीवर बॅज लावला तर गोळी लागायची नाही, एवढा कडक.

ही विद्या तिला घरात मिळालेली नाही. ती आटपाडीच्या वरच्या अंगाच्या आमच्या वाडीवरची. धनगराची. तिचा बाप आप्पासो. त्याला ती तात्या म्हणते. आप्पासोची दीडशे मेंढरं होती. दिवाळी झाली की कुटुंब मेंढरांमागं खाली उतरायचं, आष्ट्याच्या बाजूला, ऊस तुटलेल्या रानांत खतासाठी मेंढरं बसवायला. विजयमालाची शाळा तीन-चार गावांत मिळून सातवीपर्यंत झाली. तेही मास्तर दयाळू होते म्हणून नव्हे. तळ शाळेजवळ पडला की आई तिला हाकलायची, "जा, त्येवढंच पायाला इसावा."

लग्न झालं. नवरा गलाईच्या दुकानात, तिकडं तमिळनाडूत सेलमला. दुकानासमोर एक एम्ब्रॉयडरीचा कारखाना होता. विजयमाला तिथं आधी दोरे कापायला बसली. कारखान्यात डिझाईन करणारी एक तमिळ बाई होती. हिला तिची भाषा येत नव्हती, तिला हिची. सहा वर्षं दोघी स्क्रीनवर बोट ठेवून बोलल्या. त्या बोलण्यातनं विजयमाला जे शिकली, ते मराठीत समजावून सांगणारा माणूस आमच्या तालुक्यात अजून मिळालेला नाही.

इकडं आमच्या कोरड्या भागात कालव्याचं पाणी आलं. लोकांनी पेढे वाटले. पाणी आलं तशा द्राक्षबागा आल्या, डाळिंबं आली, बागा आल्या तशा तारा आल्या. ज्या माळावर मेंढरू चरायचं तिथं कुलूप आलं. एका बागायतदारानं औषध मारलेला छाटणीचा पाला बांधावर टाकला. सांगितलं नाही. अकरा मेंढरं एका दिवसात आडवी झाली. आप्पासो विचारायला गेला तर बागायतदार म्हणाला, "तुमच्या मेंढराला वाचता येत न्हाई व्हय? डब्यावर लिवलंय की इख म्हणून." आप्पासोनं त्या वर्षी उरलेली सगळी मेंढरं विकली आणि तो पैसा सेलमहून परतलेल्या लेकीच्या हातात दिला. त्यातनं हे मशीन आलं. जुनंच, सुरतेकडनं. ते टेम्पोतनं उतरवताना आप्पासोनं त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं,

"ह्ये काय खातंय?"

"दोरा, तात्या."

"आनि आजारी पडलं तर?"

"त्याचा डाक्टर कोल्हापुरातनं येतोय."

"मग मेंढरंच बरी व्हती," आप्पासो म्हणाला.

आता मेंढराच्या कानाचं सांगायला पाहिजे.

आमच्यात मेंढराची खूण कानावर असते. कोकरू थोडं मोठं झालं की त्याचा कान कापतात. प्रत्येक घराची कापण्याची रीत वेगळी. विजयमालाच्या आज्याची खूण डाव्या कानाची होती. शेंड्यावर एक उभी चीर. त्याची दोन पोरं वेगळी झाली तेव्हा चीर दोघांना गेली, पण ओळखू यावं म्हणून प्रत्येकानं आपली एक खाच वाढवली. आप्पासोनं कानाच्या मागच्या कडेला खाच पाडली. थोरल्या भावानं पुढच्या कडेला. असं हे पिढ्यान्‌ पिढ्या चाललेलं. वाटणी झाली की लेकाला खाच मिळते. लेकीला मिळत नाही. लेक दुसऱ्याच्या खुणेत जाते, तिला कशाला खाच? चार कळपांची मेंढरं एका पाणवठ्यावर मिसळली तरी धनगर डोळ्यानं शोधत बसत नाही, कानाला हात लावतो. आणि दुसऱ्याच्या खुणेचं मेंढरू आपल्या कळपात निघालं, तर वाद घालायचा नाही. ते आपल्या हातानं धरून, चार माणसांदेखत, धन्याच्या तळावर नेऊन सोडायचं. मग चुकून आलेलं असो की चुकवून आणलेलं.

मशीन घेतल्यावर सात वर्षांनी विजयमालानं सात मेंढरं काढायला घेतली. गिऱ्हाईक नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं. बॅज आणि ब्लाउजांच्या मधनं मिळेल त्या वेळात तिनं अडीच महिने घातले. सात मेंढरं एका ओळीत, पुढची मान वळवून मागं बघतेय, चौथी लंगडी, सातवी गाभण. लोकरीसाठी तिनं सपाट टाका घेतला नाही. बारीक बारीक गाठीसारखा, उठावदार टाका घेतला. हात फिरवला की लोकर लागते. आणि सातींचा डावा कान शेंड्याला चिरलेला, मागच्या कडेला एक खाच. त्या जागी टाका नाही, खालचं कापड दिसतं. चीर एवढीशी, गव्हाच्या दाण्याएवढी. ती आवळून बुजू नये म्हणून तिनं अठरा वेळा काढून बघितली.

पहिला नमुना तिनं बापाला दाखवला. आप्पासोनं कापड मांडीवर घेतलं. अंगठा कानावरनं फिरवला. मग म्हणाला, "तिसरीचा कान बारका झालाय."

तिनं तिसरीचा कान दुरुस्त केला आणि तो नमुना चौकट करून गाळ्यात लावला.

तिथं तो ऋषिराजनं बघितला.

ऋषिराजचं सांगलीत मोठं दुकान. बारा-बारा डोक्यांच्या तीन मशीनी, काचेचं ऑफिस, आत गारवा. पण डिझाईन करता येणारं एकही माणूस नाही. फाईली बाहेरनं करून घ्यायच्या आणि आपल्या नावावर लावायच्या, असा धंदा. दोन वर्षं विजयमाला त्याला शाळांचे बॅज करून देत होती. तो कधी मधी गाडी घेऊन यायचा. त्या दिवशी चौकटीसमोर उभा राहिला आणि म्हणाला,

"वा, ट्रायबल! आता ह्याला लय मागणी हाय."

"ट्रायबल न्हवं," विजयमाला म्हणाली. "आमच्या तात्याची मेंढरं हायती."

"तेच ते. फाईल पाठवा की, ताई. आमच्या मशीनवर चालवून बघतो. सॅम्पल चांगलं उठलं तर मोठी ऑर्डर तुम्हालाच."

तिनं पाठवली. हीच तिची चूक. मी तिला विचारलं होतं, पाठवलीसच का? ती म्हणाली, "दोन वर्सं नीट वागलेल्या मान्साला काय कुत्र्यावानी हुंगून बगायचं?"

चौथ्या दिवशी ऋषिराजचा मेसेज आला. 'फाईल फॉल्टी आहे. सातही मेंढ्यांच्या डाव्या कानात टाके सुटलेत. असला सदोष माल आमच्याकडे चालत नाही.' हिनं उलट लिहिलं, 'फॉल्ट न्हाई. ते तसंच पायजे.' त्याचं उत्तर आलं नाही. ऑर्डर आली नाही. हिनंही नाद सोडला.

वर्ष गेलं. आमच्या वाडीवर गजी नाचाचा मेळा आहे. ढोलाच्या तालावर पांढरे अंगरखे घालून, हातात रुमाल घेऊन गोलात नाचायचं. मेळ्याचा म्होरक्या जोतिबा, विजयमालाच्या थोरल्या चुलत्याचा पोरगा. मेंढरं त्यानं पण कधीच विकली. आता जेसीबी चालवतो. बिरोबाच्या जत्रेला मेळ्यासाठी नवे अंगरखे करायचे ठरले, पाठीवर सात मेंढरं घालून. जोतिबाच म्हणाला होता, "माले, आपलं काय तरी पायजे गड्या, समद्या मेळ्यांत उठून दिसंल असं." विजयमालानं बत्तीस अंगरखे केले. एका डोक्याचं मशीन, एका पाठीला पाऊण तास. इस्त्री करून, घड्या घालून गठ्ठा बांधून ठेवला.

जत्रेला आठ दिवस असताना जोतिबा गाळ्यात आला. पायरीवर चप्पल पण काढली नाही. मोबाईल तिच्या तोंडासमोर धरला.

"ह्ये काय हाय?"

मोबाईलवर उपरणं होतं. पिवळं. त्यावर सात मेंढरं. पुढची मान वळवून, चौथी लंगडी. कोपऱ्यात ऋषिराजच्या दुकानाचं चिन्ह आणि खाली 'अस्सल परंपरा, फक्त आमच्याकडे'. जत्रा कमिटीनं मानकऱ्यांसाठी पाचशे उपरणी त्याच्याकडनं घेतली होती, आणि देवळासमोर त्याचा स्टॉल पण लागणार होता.

"ह्ये माजं हाय," विजयमाला म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबनं आल्यासारखा वाटला.

"तुजं? पाचशे उपरणी निगाली सांगलीतनं. बारा डोस्क्यांच्या मशीनीवाला मानूस तुज्या ह्या खुराड्यात येऊन चोरी करंल?"

"केली त्यानं."

"माले, नीट सांग. त्याचं बघून तू केलंस का न्हाई?"

"जोतिबा, कान बघ. डावा कान बघ."

जोतिबानं मोबाईल डोळ्याजवळ नेला, लांब नेला. फोटो धुरकट. "काय दिसंना. आनि कानाचं काय घेऊन बसलीस? जत्रंत समद्या मानकऱ्यांच्या गळ्यात त्येचं उपरणं आनि आमच्या पाठीवर तुजी नक्कल. म्हंजे वाडीचा मेळा चोर ठरणार! आमी साधं पांढरं घालून नाचतो. ऱ्हाऊ दे तुजं अंगरखं तुज्यापाशी."

"बत्तीस पाठी शिवल्यात मी."

"मशीननं शिवल्यात की," जोतिबा म्हणाला, आणि गेला.

मेळ्यानं अंगरखे नाकारले हे संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं. बाईनं सांगलीचं डिझाईन चोरलं, हेही झालं. हे दुसरं ज्यादा वेगानं झालं. दोन शाळांनी बॅजचं काम थांबवलं. माणूस कष्टानं काय करतो ते कळायला नऊ वर्षं कमी पडतात, आणि तो चोर आहे हे कळायला एक दुपार पुरते. असली ही दुनिया!

विजयमालानं ऋषिराजला फोन लावला. तो हसला.

"ताई, एवढं मनावर घेऊ नका. डिझाईन काय कुणाच्या बापाचं असतंय का? नेटवर ढिगानं पडलेलं असतं."

"ह्ये माज्या बापाचंच हाय," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

जत्रेच्या दिवशी सकाळी ती निघाली. संगं आप्पासो, संगं अंगरख्यांचा गठ्ठा, आणि संगं राहीबाई आत्ती. राहीबाई आप्पासोची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची. सारा जन्म मेंढरांमागं गेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला कुणाच्या बापाला दाद दिली नाही. "बगन्यासारकं उरलंय काय?" म्हणते.

गठ्ठा कशाला घेतीस, असं आप्पासोनं विचारलं. विजयमाला म्हणाली, "देवाम्होरं ठेवते. घालायचं तर त्यानं घालावं, न्हाईतर जाळते."

देवळापुढं गर्दी उसळलेली. भंडाऱ्यानं वाट पिवळी झालेली. ऋषिराजचा स्टॉल मोक्याच्या जागी, वर फ्लेक्स, पांढरा शर्ट घालून तो स्वतः गल्ल्यावर. विजयमालाला तिथं भांडायचंच होतं. चार वाक्यं तिनं रस्त्यात घोकली होती. ती तोंड उघडणार तेवढ्यात राहीबाईनं स्टॉलवरचं एक उपरणं चाचपलं. म्हातारी सगळंच चाचपते, केळ्यापासून नातवंडांपर्यंत. तिचं बोट लोकरीवरनं पुढं सरकलं, कानावर आलं आणि थांबलं. मग दुसऱ्या मेंढराच्या कानावर गेलं. मग तिसऱ्या.

"आप्पासो," म्हातारी ओरडली, "तुजी मेंढरं हितं कशी रं आली?"

आसपासची दहा-बारा डोकी वळली. कमिटीचे दोन पंच मानकऱ्यांना उपरणी वाटत होते, ते पण थांबले.

"आजी, ते डिझाईन हाय," ऋषिराज म्हणाला.

"डिजान का फिजान मला ठावं न्हाई. डावा कान, शेंड्याला चीर, मागं खाच. ही माज्या भावाची खूण हाय. मेंढरं कोंडायच्या अंधाऱ्या वाडग्यात ह्या कानानं ती वळकलीत मी."

"टाके सुटलेत ते, आजी. मशीनचा फॉल्ट असतो कधी कधी."

"सातीचं? त्याच कानाचं? त्याच जागी? तुजं मशीन काय आमच्या वस्तीवर कोकरं कापाय येत व्हतं?"

लोक हसले. विजयमालाला घोकलेलं एकही वाक्य आठवलं नाही. तिनं मोबाईल काढला आणि त्याचा जुना मेसेज मोठ्यानं वाचला. तारखेसकट. 'सदोष माल आमच्याकडे चालत नाही.'

"मला म्हनलास, माल सदोस हाय," ती म्हणाली. "मग वरीसभर ठेवून त्योच सदोस माल देवाच्या दारात अस्सल म्हनून इकतोस? लाज कशी वाटंना? काढ की तुजं अस्सल! बूज की त्यो कान! बारा डोस्की हायती न्हवं तुज्या मशीनीला? एकाला बी एक कान बुजवता आला न्हाई?"

आणि खरंच आला नव्हता. मशीनच्या फाईलीत नुसती टोचणी असतात. एक कान बुजवायचा तर सगळी लोकर उसवून परत बसवावी लागते, आणि ते करणारं माणूस त्याच्याकडं नव्हतं. चोरानं चोरी केली ती बी आळशाची.

गलका ऐकून जोतिबा मेळ्यातनं आला. साधा पांढरा सदरा, गळ्यात ढोल. राहीबाईनं आवाजावरनं त्याला ओळखलं.

"ये रं, जेसीबी. हात लाव हितं."

"आत्ती, मी बघितलंय त्ये मोबाईलवर..."

"डोळं मीट. डोळ्यानं कान कवा बघत्यात? बाप असता तर थोबाडात दिली असती. मीट!"

जोतिबानं डोळे मिटले. बोट कानावरनं फिरवलं. चीर त्याच्याच घराची. फक्त खाच मागच्या कडेला, त्याच्या बापाची असायची ती पुढच्या. लहानपणी शेकड्यांनी कान हाताळलेलं ते बोट होतं. बोट विसरलं नव्हतं, वर बसलेलं डोकं विसरलं होतं. त्यानं डोळे उघडले तरी वर बघेना.

पंचांपैकी वयानं मोठा होता, त्यानं गळ्यातलं उपरणं काढलं आणि स्टॉलवर ठेवलं. म्हणाला, "दुसऱ्याच्या खुनंचं मेंढरू आमी अंगावर घेत न्हाई." त्यामागनं मानकरी एक एक करून उपरणी काढून टाकायला लागले. कुणी फेकलं नाही, कुणी शिवी दिली नाही. नुसता पिवळा ढीग वाढत गेला. ऋषिराज म्हणाला, "हे काय मेंढ्यांचं राज्य हाय काय?" कुणीतरी मागनं म्हणालं, "व्हय. आज हाय."

"रीत अशी हाय," पंच त्याला म्हणाला, "की मेंढरं आपल्या हातानं धन्यापाशी न्हेऊन सोडायची. उचला."

त्यानं इकडं तिकडं बघितलं. आज या जत्रेत त्याचं एक उपरणं विकलं जाणार नव्हतं. त्यानं ढीग उचलला. पांढऱ्या शर्टाला भंडारा लागला. चार पावलं चालून त्यानं तो खाली ठेवला.

कुणापुढं ठेवला? आप्पासोपुढं.

आणि माईकवाला ओरडला, "आप्पासोंची चुकलेली मेंढरं घावली! आप्पासोंचा सत्कार!" पंचानं नारळ आणला, भंडारा आणला आणि तो म्हाताऱ्याच्या हातात देऊ लागला. लोकांनी चांगभलं केलं. म्हणजे बघा, सकाळपर्यंत हे सगळं मशीननं केलं होतं. आता ते बापानं केलं. अडीच महिने पाठ मोडून बसलेली बाई तिथंच गठ्ठा काखेत धरून उभी आणि तिच्या अंगावरनं नारळ चाललेला!

आप्पासोनं नारळाकडं बघितलं. हात पुढं केला नाही.

"मला कशाला?" तो म्हणाला. "मी माजी मेंढरं इकून मोकळा झालोय. ह्यातलं एक बी मी चारलेलं न्हाई." आणि तिथंच बसून त्यानं तंबाखू मळायला घेतली.

पंच गोंधळला. नारळ हातात धरून त्यानं विजयमालाकडं बघितलं. माईकवाला म्हणाला, "तर आप्पासोंच्या सुकन्येचा..."

"नाव हाय मला," विजयमाला म्हणाली.

"काय?"

"नाव हाय. त्ये घ्या. आनि नारळ नंतर. आदी जोतिबाला माईक द्या."

जोतिबा म्हणाला, "माले, आता ऱ्हाऊ दे की. अंगरखं दे, आमी घालतो."

"माज्या गाळ्यात येऊन चप्पल न काढता जे बोललास त्येच्या उलटं हितं बोल. तितक्याच मोठ्यांदा. मग गठ्ठा सोडते."

जोतिबानं माईक घेतला. त्याच्या तोंडात शब्द अडकत होते, पण त्यानं सांगितलं. "डिजान विजयमालाचं हाय. चोरी हिनं केली न्हाई, हिची झाली. मी खोटं बोललो." थोडं थांबून त्यानं आपलं आपणच जोडलं, "आनि मशीननं न्हाई. हिनं केलं."

तिनं गठ्ठा सोडला. बत्तीस पाठी गोलात फिरल्या, दोनशे चोवीस मेंढरं. ती नाच बघायला थांबली नाही. दुसऱ्या दिवशी दोन लग्नांचे ब्लाउज द्यायचे होते.

आठ दिवसांनी ऋषिराजचा फोन आला. आवाज मऊ. "ताई, झालं गेलं. चारशे उपरणी पडून हायत. तेवढा कान वरनं भरायची फाईल करून द्या, म्हणाल ते देतो."

"कापलेला कान भरत न्हाई," ती म्हणाली. त्यानंतर त्याचा फोन ती उचलत नाही. त्याचं दुकान चालूच आहे, धक्का लागला असं काही नाही. आता दुसऱ्या कुणाची तरी फाईल तिथं चालत असेल. गाळ्यात अजून गिऱ्हाईक येतं आणि अजून बटणाचं बोलतं.

परवा मी गेलो तेव्हा मशीनवर नवं कापड होतं. हिरव्या खणावर एकच मेंढरू, बाकी मोकळं. राहीबाई कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली. विजयमालानं नमुना फ्रेममधनं काढला, टाक्यांखालचा आधाराचा कागद फाडला आणि म्हातारीच्या मांडीवर टाकला.

राहीबाईचं बोट लोकरीवरनं कानावर गेलं. थांबलं. परत गेलं.

"चीर हाय. मागं एक खाच... आनि खाली आनिक एक?" तिनं तोंड वर केलं. "ही कुनाची गं? आपल्यात असला कान न्हाई."

"माजी, आत्ती."

"लेकीला खाच कुनी दिली?"

"कुनी न्हाई. मीच पाडली."

म्हातारीनं बोट पुन्हा त्या खाचेवर ठेवलं. मागं पुढं केलं. नख लावून बघितलं.

"जरा खोल पाड," ती म्हणाली. "बोटाला लागाय पायजे."

विजयमाला कॉम्प्युटरकडं वळली.